अनुल्लेखाने मारता येत नाही तेव्हा



स्मृतिव्याख्यानाला रॅप बॅटल हा विषय कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. दोन तरुण समोरासमोर उभे राहतात, एकमेकांचा यमकांत उद्धार करतात, भोवतालची पोरं ओरडतात, यात विचार करण्याजोगं काय आहे? मला आज एकच गोष्ट तुमच्यापुढे मांडायची आहे. दोन माणसांनी लोकांसमक्ष शब्दांनी भिडायचं, ही प्रस्थापिताला उत्तर द्यायला भाग पाडणारी व्यवस्था आहे. अशा व्यवस्था आपल्याकडे फार थोड्या आहेत. त्यातली एक, शाहिरी सवाल-जवाबाची, कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या उपनगरांत आली, दुसरी, रॅपची, न्यूयॉर्कहून आली, आणि दोघी आज अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात शेजारी शेजारी राहतात. त्यांची एकमेकींशी ओळख मात्र झालेली नाही.

आधी सामना चालतो कसा ते पाहू. रॅपच्या लढतीत दोघे असतात. नाणेफेक होते. बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळेच्या दोन किंवा तीन फेऱ्या असतात. कधी मागे बीट वाजत असतो, कधी तोही नसतो, नुसता आवाज. पहिला बोलतो तेव्हा दुसऱ्याला मध्ये तोंड उघडता येत नाही. त्याने ऐकून घ्यायचं. नुसतं ऐकून घ्यायचं नाही, तर ऐकताना उत्तर जुळवायचं, कारण पुढची फेरी त्याची असते आणि समोरच्याच्या ओळीवर उलटवलेला टोला हा पाठ करून आणलेल्या दहा ओळींपेक्षा भारी मानला जातो. ओळ विसरली, जीभ अडखळली, की त्याला ही पोरं ‘चोक’ म्हणतात, आणि एकदा चोक झालेल्याची लढत बहुधा तिथेच संपते. नियम एवढेच. वय, बिदागी, किती गाणी गाजली, टीव्हीवर किती वेळा दिसला, यातल्या कशालाही नियमांत जागा नाही. दोघांनाही वेळ सारखाच.

आता यात एका बाजूला नवखा उभा करा आणि दुसऱ्या बाजूला दहा-पंधरा वर्षं मुरलेला. वरवर पाहिलं तर सामना विषम आहे. मुरलेल्याने तोंड उघडण्याआधीच गर्दी त्याच्या बाजूने ओरडलेली असते. त्याला श्वास कुठे घ्यायचा ते ठाऊक आहे, थांबायचं कधी ते ठाऊक आहे, एखादी ओळ पडली तर चेहऱ्यावर काही न दाखवता पुढे कसं जायचं तेही ठाऊक आहे. नवख्याचा घसा पहिल्या चार ओळींतच कोरडा पडतो. पण जरा खोलात जाऊन हिशोब करा. मुरलेल्याचं सगळं आयुष्य उघड्यावर आहे. त्याची जुनी गाणी, जुनी वचनं, त्याने बदललेल्या भूमिका, पैशासाठी केलेल्या जाहिराती, सगळं समोरच्याच्या हाती आहे. नवख्याबद्दल मात्र कुणाला काहीच माहीत नाही. त्याच्यावर टीका तरी कशाची करायची? त्याच्या कपड्यांची, त्याच्या वस्तीची, त्याच्या नवखेपणाची. आणि या तिन्ही गोष्टी त्याने स्वतःच आधी बोलून टाकल्या तर? २००२ सालच्या ‘एट माइल’ या अमेरिकी चित्रपटात नायक शेवटच्या लढतीत नेमकं हेच करतो. स्वतःच्या सगळ्या उणिवा तो स्वतःच मोजून दाखवतो, आणि समोरच्याकडे बोलायला काही उरत नाही. चित्रपटाची कथा रचलेली आहे, पण डाव खरा आहे.

याहून महत्त्वाचा हिशोब प्रतिष्ठेचा आहे. नवखा हरला तर तो जिथे होता तिथेच राहतो. उलट, अमुक अमुकसमोर उभा राहिला होता, एवढी ओळख तरी त्याला मिळते. मुरलेला जिंकला तर त्यात नवल ते काय, असं लोक म्हणतात. आणि तो हरला तर? मग ती गोष्ट वर्षानुवर्षं त्याची पाठ सोडत नाही. म्हणजे मिळवायचं काहीच नाही आणि गमवायचं सगळं, अशा जागी तो स्वतःहून येऊन उभा राहतो. का उभा राहतो? माझ्या मते या साऱ्या प्रकारातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे. नवख्याच्या धाडसाचं कौतुक आपण सगळेच करतो, आणि करावंच. पण मुरलेल्याने होकार देणं, हे त्याहून दुर्मीळ आहे.

दुर्मीळ का, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे लिहित्या लोकांच्या जगात एक फार धारदार शस्त्र आहे. त्याला आपण अनुल्लेखाने मारणं म्हणतो. तरुण लेखक ज्येष्ठावर लेख लिहितो, चूक दाखवतो, प्रश्न विचारतो. ज्येष्ठ काय करतो? काहीच करत नाही. परीक्षण येत नाही, प्रतिवाद येत नाही, नाव घेतलं जात नाही. प्रश्न चूक होता की बरोबर हे ठरतच नाही, कारण तो विचारला गेला होता याचीच कुठे नोंद राहत नाही. छापील संस्कृतीत मोठ्याला गप्प राहण्याची मुभा असते आणि त्या गप्प राहण्याला आपण भारदस्तपणा समजतो. संमेलनांत, पुरस्कारांत, अभ्यासमंडळांत हेच चालतं. सामन्याच्या मंचावर हे शस्त्र चालत नाही. तिथे समोरच्याची फेरी संपली की सगळ्या डोळ्यांचा रोख तुमच्याकडे वळतो. तुम्ही गप्प राहिलात तर ते मौन ठरत नाही, ती हार ठरते. इतका साधा फरक आहे, आणि इतका मोठा.

चांगदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चौदाशे वर्षं जगलेला योगी, त्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं आहे. मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? ठरेना, म्हणून त्याने कोराच कागद धाडला. मुक्ताबाईने तो पाहून, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं म्हटल्याचं कथा सांगते. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, ती चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू केलं. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. मोठ्याने लहानाशी बोलायचं कोणत्या पातळीवर, हा पेच आपल्या परंपरेने किती नेमका पकडला आहे ते पाहा. मोठ्याला शब्द सापडेना, पण त्याने कागद तरी पाठवला, आणि लहान मुलीच्या बोलण्याने तो दुखावून निघून गेला नाही. परंपरेने त्याला मोठं मानलं ते यासाठी.

आता कलगी-तुऱ्याकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तिथे आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे. परंपरा या दोन पंथांचं मूळ तुकनगीर नावाचा गोसावी आणि शहा अली नावाचा फकीर यांच्यापर्यंत नेते. म्हणजे सुरुवातीच्या दंतकथेतच दोन धर्मांची माणसं एकमेकांना प्रश्न विचारत बसली आहेत. त्यांच्या भेदिक शाहिरीत एका फडाने पुराणातलं, वेदान्तातलं कूट घालायचं आणि दुसऱ्याने ते सोडवून वर आपलं कूट घालायचं. शिव मोठा की शक्ती? इतक्या पिढ्या गेल्या, निकाल लागलेला नाही. आणि तो लागू नये अशीच या कलेची रचना आहे. निकाल लागला तर सवाल संपतील, आणि सवाल संपले तर फड उठेल.

हीच गोष्ट कोकणात शक्ती-तुरा झाली, जाखडीच्या नाचाशी जोडली गेली आणि चाकरमान्यांबरोबर मुंबईत आली. मधोमध शाहीर, मृदंगवाला, झांजवाले बसलेले, त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारी मुलं. गण होतो, गवळण होते, मग सवाल. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर, पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, मुलुंडचं कालिदास, या उपनगरांतल्या नाट्यगृहांशी शक्तीवाले आणि तुरेवाले यांचं नातं जुनं आहे. जाहिरातीत दोघा शाहिरांची नावं समोरासमोर छापतात आणि मध्ये ‘विरुद्ध’. तळकोकणातल्या लोकांची डबलबारी भजनंही याच वळणाची. दोन बुवा, दोन बाऱ्या, विठ्ठलाचं नाव दोघांच्या मुखी आणि तरी एकमेकांना चिमटे. आंबेडकरी वस्त्यांत गायन पार्ट्यांचे, कव्वालीच्या ढंगाचे जंगी सामने रात्रभर रंगायचे. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहत होते. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं केलं आणि तमाशातली सवाल-जवाबाची रग कामगाराच्या प्रश्नाच्या कामी लावली. हे सगळं कुठे घडलं? उपनगरांतल्या लोहमार्गांच्या दोन बाजूंना. म्हणून उपनगरांतल्या पोरांनी रॅपची लढत आयात केली असं कुणी म्हणालं, तर मी म्हणेन की बीट आयात झाला असेल, मैदान आधीपासून तयार होतं.

शक्ती-तुऱ्यात नवख्या शाहिराला मुरलेल्यासमोर उभं राहण्याचा हक्क कुठून मिळतो, तेही पाहण्यासारखं आहे. तो आरंभी आपल्या गुरूचं, गुरुघराण्याचं नाव घेतो. त्याच्या मागे कुणीतरी वस्ताद आहे, त्याच्या मागे त्याचा वस्ताद. तो एकटा नसतो, आणि म्हणून समोरच्या ज्येष्ठाला त्याला किरकोळीत काढता येत नाही. त्याला नाकारणं म्हणजे एका घराण्याला नाकारणं. रॅप करणाऱ्या पोराजवळ घराणं कुठलं? अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा विवियन फर्नांडिस, ज्याला आपण डिव्हाइन म्हणून ओळखतो, त्याने आपल्या गाण्यांत ५९ हा आकडा मिरवला. तो त्याच्या भागाच्या पिनकोडचा शेवट आहे. गुरुघराण्याच्या जागी टपालखात्याचा आकडा आला! याची कुणी थट्टा करू नये. वारशाने ज्याला काही मिळालेलं नाही, त्याने जिथे वाढलो ती गल्ली हेच आपलं घराणं असं जाहीर केलं. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, आयपॅडवर चित्रित केलेल्या गाण्यातून २०१४ साली नाव कमावलं. २०१५ साली या दोघांचं ‘मेरे गली में’ आलं, आणि गल्ली हा शब्द एका पिढीचा झेंडा झाला. २०१९ साली या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ आला तेव्हा नायक धारावीचा झाला. अंधेरी आणि कुर्ला पडद्यावर मागे पडले. 

आता अलीकडची, सगळ्यांना ठाऊक असलेली झुंज घेऊ. २०१८ साली मुंबईत वाढलेला बिलाल शेख ऊर्फ एमीवे बंटाय आणि दिल्लीकडचा दिलीन नायर ऊर्फ रफ्तार यांची जुंपली. रफ्तार तेव्हा चित्रपटसंगीतात स्थिरावलेला, दूरचित्रवाणीवर दिसणारा. एमीवेच्या पाठीशी कुठली कंपनी नव्हती. स्वतः लिहायचं, स्वतः चित्रित करायचं, यूट्यूबवर टाकायचं, अशी त्याची वाटचाल. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांच्या कमाईबद्दल रफ्तारने एका मुलाखतीत काढलेल्या उद्गारांवरून ठिणगी पडली. एमीवेने ‘समझ में आया क्या’ काढलं. रफ्तारने ‘शेख चिल्ली’ने उत्तर दिलं. एमीवेने त्यावर ‘गिरफ्तार’ काढलं. कोण जिंकलं, यावर पोरं आजही हिरिरीने भांडतात. मला त्यात पडायचं नाही. मला दिसतं ते एवढंच की रफ्तारला गप्प राहता आलं असतं. त्याच्याजवळ नाव होतं, काम होतं, पैसा होता. सभागृह नव्हतं, नाणेफेक नव्हती, समोरासमोर उभं राहणंही नव्हतं. तरी त्याने उत्तर दिलं, कारण लाखो ऐकणारे त्याच्या उत्तराची वाट पाहत होते आणि त्यांच्या लेखी गप्प राहणं म्हणजे हार होती. त्याने उत्तर दिलं त्या क्षणी एमीवे बरोबरीला आला. गाणं कुणाचं सरस, हा नंतरचा प्रश्न.

पण इथे एक खोटही आहे, आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. यूट्यूबवरच्या अशा चकमकीत समान वेळ नसतो. उत्तर द्यायला आठवडा घ्या, महिना घ्या, चार जणांची मदत घ्या, महागडं चित्रीकरण करा, कुणी विचारत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावं लागत नाही. आणि गुण म्हणून मोजले जातात ते किती जणांनी पाहिलं याचे आकडे, जे मुळातच नाववाल्याच्या बाजूने झुकलेले. मंचावर नवख्याला जे संरक्षण नियमांनी मिळतं, ते इथे नाही. एमीवेजवळ तोवर स्वतःचा श्रोतावर्ग तयार होता म्हणून तो टिकला. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याच्या सवालाला यूट्यूबवरही अनुल्लेखानेच मारता येतं. म्हणून माझा भर खऱ्या मंचावर आहे, समोरासमोर उभं राहण्यावर आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप, हे परकं आहे. याला वर थोडं उत्तर दिलं, पण बंगालकडे जरा नजर टाकू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे कविगान जोरात होतं. दोन कवियाल, भोवती ढोल-कांसी, जागच्या जागी रचलेले सवाल आणि जवाब. त्यात अँटनी फिरिंगी नावाचा पोर्तुगीज वंशाचा माणूस उतरला. बंगाली शिकला, देवीची गाणी गाऊ लागला. त्याच्यासमोर भोला मयरासारखे मुरलेले कवियाल. त्यांनी त्याच्या टोपीवर, कोटावर, जातकुळीवर तोंडसुख घेतलं. पण घेतलं ते मंचावर, त्याची बारी राखून. तू आमचा नाहीस, म्हणून तुझ्याशी गाणारच नाही, असं म्हणाले नाहीत. आणि म्हणून आज दोन शतकांनंतर अँटनीचं नाव बंगालीत भोला मयराच्या बरोबरीने घेतलं जातं. कला कुणाची हे जन्मावरून ठरत नाही, तिच्यात कुणाला बारी मिळते यावरून ठरतं. याच आक्षेपाचं दुसरं टोक असं की मुंबईचं रॅप हिंदीत बोलतं, मग मराठीचं काय? अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे हंड्रेड आरबीएच, आणि स्वदेशी या गटातला एमसी मवाली मराठीत ताकदीने रॅप करतात. त्याच स्वदेशीने आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर या वारली कलावंताबरोबर गाणं केलं. मराठी मागे आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तक्रार करण्याऐवजी मराठीत बारी उपलब्ध करून द्यावी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शिव्या. आया-बहिणींचा उद्धार, जातीवरून, रंगावरून, शरीरावरून टोमणे. याला कला म्हणायचं? काही समर्थक म्हणतात, हा खेळाचा भाग आहे, दोघांनी मान्य केलेलं आहे, त्यात वाईट वाटून घेऊ नये. हे उत्तर मला पटत नाही. माझं उत्तर सामन्याच्या मूळ तत्त्वातूनच निघतं. सामना म्हणजे समोरच्याला उत्तर देण्याची संधी असणं. मग मला सांगा, ज्या आईचं नाव तिथे घेतलं गेलं, तिची बारी कधी येणार? ती मंचावर नाही, तिला नाणेफेकीला कुणी बोलावलं नाही, तिला उत्तर देता येत नाही. जो हजर नाही त्याच्यावर वार करणं हे सामन्याच्या नियमांतच बसत नाही. शिवाय कारागिरीच्या अंगानेही ते कच्चं काम आहे. जी शिवी कुणालाही लागू पडते, ती समोरच्याला लागतच नाही. त्याच्या बोलण्यातली विसंगती, त्याने सहा महिन्यांपूर्वी घेतलेली भूमिका आणि आजची, त्याची उसनी चाल, याच्यावर बोट ठेवायला अभ्यास लागतो. जुन्या शाहिरांनीही अचकट-विचकट रचना केल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते कूट, ज्याचं उत्तर शोधायला रात्र जागवावी लागली.

तिसरा आक्षेप, निवाडा कोण करणार? गर्दी तर ज्याच्या बाजूने जास्त मित्र आले त्याला उचलून धरणार. मग जाणकार परीक्षक नेमावेत का? न्यूयॉर्कमधल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. १९८१ च्या डिसेंबरात हार्लेम वर्ल्ड या क्लबमध्ये बिझी बी नावाचा रॅपर गर्दीला ओरडायला लावण्यात पटाईत म्हणून गाजत होता. कूल मो डी हा दुसरा रॅपर मंचावर आला आणि त्याने नेमकं तेच उघडं पाडलं: तू लोकांना नुसतं ओरडायला लावतोस, शब्द कुठे आहेत? ज्या गर्दीला बिझी बी आजवर खेळवत होता, तीच गर्दी त्या रात्री शब्दांच्या बाजूने गेली. पुढच्या सगळ्या बॅटल रॅपचा रोख त्या रात्रीने बदलला असं मानतात. दुसरी घटना १९८५ ची. रोक्सॅन शांटे ही क्वीन्सब्रिजची मुलगी. चौदाव्या वर्षी तिने यूटीएफओ या नामांकित गटाच्या गाण्याला उत्तर देऊन खळबळ माजवली होती. न्यू म्युझिक सेमिनारच्या स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत गेली. समोर तोच बिझी बी. परीक्षकांच्या गुणांनी ती हरली, आणि ती मुलगी असल्यामुळे तिला मुद्दाम कमी गुण दिले गेले हे पुढे उघडपणे बोललं गेलं. म्हणजे गर्दी शहाणी निघाली आणि जाणकार कोते. गर्दी नेहमीच शहाणी असते असं मी म्हणत नाही. पण परीक्षकाला आपली प्रस्थापितांची फळी राखायची असते, आणि ऐकणाऱ्याला ती राखायची गरज नसते. शक्ती-तुऱ्याच्या पुष्कळ सामन्यांत औपचारिक निकालच नसतो. ऐकणारे घरी जाताना आपसांत ठरवतात, आणि सहमत होत नाहीत. मला ते अधिक निरोगी वाटतं.

शांटेच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट इथेच बोलली पाहिजे. आपल्या तमाशात सवाल-जवाबात स्त्री समोरासमोर उभी राहिली, अनंत माने यांच्या १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’ या चित्रपटाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. शक्तीला श्रेष्ठ मानणाऱ्या शाहिरांच्या मंचावर मात्र स्त्री शाहीर फार उशिरा आणि फार थोड्या आल्या. मुंबईच्या रॅप लढतींतही मुली मोजक्याच. लहानाने मोठ्याला सवाल करण्याचा हक्क ज्या मंचाने दिला, त्या मंचाने अर्ध्या लोकांना हा हक्क दिलेला नाही. ही त्याच्या खात्यावरची थकबाकी आहे.

शेवटचा मुद्दा कलेच्या बाहेरचा वाटेल, पण नाही. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने राज्यातल्या सत्तांतरावर मराठीत रॅप केलं. ते खूप पसरलं. त्याच्याविरुद्ध अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. त्याच सुमारास उमेश खाडे या मुंबईतल्या तरुणाच्या रॅपवरून वडाळ्यात गुन्हा दाखल झाला. गाण्यांतली भाषा कुणाला झोंबली असेल, मजकूर कुणाला चुकीचा वाटला असेल. पण विचार करा, या राज्यातल्या सगळ्याच पक्षांजवळ गाणारे, लिहिणारे, सभा गाजवणारे लोक आहेत. एका अनोळखी पोराच्या गाण्याला गाण्याने उत्तर देणं त्यांना अवघड होतं का? तरी उत्तर आलं ते गुन्ह्याच्या कागदावर. अनुल्लेखाने मारता येईना, कारण गाणं घराघरांत पोचलं होतं. आणि उत्तर द्यायचं नव्हतं, कारण उत्तर दिलं की तो बरोबरीला येतो. मग तिसरी वाट धरली गेली. सत्तेला हे नेहमीच सोपं जातं, आणि सत्ता कुणाचीही असो, ते चूकच आहे. जो मोठा लहानाच्या सवालाला पोलिसांकरवी उत्तर देतो, त्याने आपली बारी सोडलेली असते.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे, आणि ती या सभागृहात बसलेल्या, नाट्यगृहांच्या तारखा घेणाऱ्या, मंडळं चालवणाऱ्या लोकांकडे आहे. उपनगरांतल्या याच नाट्यगृहांत शक्ती-तुरा आणि डबलबारीच्या तारखा लागतात. रॅप करणारी पोरं मात्र मैदानाच्या कडेला, स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत घोळका करून आळीपाळीने रॅप करतात, ज्याला ती सायफर म्हणतात. एक रात्र दोघांना एकत्र द्या. एका बाजूला पंचवीस वर्षं मृदंगावर गायलेला तुरेवाला शाहीर, दुसऱ्या बाजूला भांडुपचा किंवा साकीनाक्याचा वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. भाषा मराठी. विषय आदल्या आठवड्यात जाहीर करा, म्हणजे दोघांनाही अभ्यासाला वेळ मिळेल. बारी दहा-दहा मिनिटांची, तीन वेळा. शाहिराने मृदंग आणावा, मुलाने बीट आणावा, पण शेवटची बारी दोघांनीही वाद्याशिवाय करावी, कारण तिथे लपायला जागा उरत नाही. जो मंचावर नाही त्याच्यावर ओळ गेली की ती बारी बाद. परीक्षक नकोत. पहिली बारी कुणाची हे नाणेफेकीने ठरू द्या. आणि दुसरी बारी वयाच्या मानाने आपल्याला मिळावी असं शाहीरबुवा म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणा.